काळबादेवीची भुयारी गाडी आणि लोह्याचा व्यापारी

लोह्याच्या बाजारपेठेत बांगडी, अस्तर, बटण, खेळणी किंवा मोटारपंपाचे सुटे भाग विकणाऱ्या आमच्या व्यापारीबंधूंना मुंबईची वाट नवी नाही. रात्री नांदेडहून देवगिरी एक्सप्रेस पकडावी, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे, दिवसभर गल्ल्या तुडवून माल बांधावा आणि रात्रीच्या गाडीने परत फिरावे, हा क्रम बापजाद्यांपासून चालत आलेला आहे. या क्रमात आता एक बदल झाला आहे. त्यात आपला फायदा किती आणि त्यातून घ्यायचा धडा कोणता, हे पाहण्यासाठी हा लेख.

मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो 3, ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. आरे ते कफ परेड हा तिचा मार्ग 33.5 किलोमीटरचा असून त्यावर 27 स्थानके आहेत. त्यांपैकी काळबादेवी हे स्थानक आपल्या खरेदीच्या मुलखात आहे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि चिराबाजार अगदी लागून, तर भुलेश्वर, झवेरी बाजार व जुम्मा मशीद पायी जाण्याच्या अंतरावर. येथील रस्ता इतका अरुंद की वरून खणून स्थानक बांधणे शक्य नव्हते. म्हणून जमिनीखालीच बोगद्याच्या पद्धतीने खोदकाम करावे लागले.

फायदा कोणाचा?

स्पष्टच सांगतो. ज्याला क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट किंवा मंगलदास मार्केट गाठायचे आहे, त्याने टर्मिनसवरून पायी जावे, तेच सोयीचे. हार्डवेअर व यंत्रांच्या भागांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, यांनाही पायीच बरे. मात्र एका दिवसात दोन-तीन ठिकाणची खरेदी असेल तर मेट्रोचा उपयोग मोठा आहे. समजा, सकाळी भुलेश्वरात बांगड्या व लेस घेतली आणि दुपारी धारावीत चामड्याच्या बॅगा व पट्टे पाहायचे आहेत. पूर्वी यात टॅक्सीचा खर्च आणि वाहतुकीत अर्धा दिवस जाई. आता काळबादेवीला बसून धारावीला उतरता येते. भाडे 10 रुपयांपासून सुरू होते आणि संपूर्ण मार्गाला 70 रुपये पडतात. आखाती देशांत कामाला असलेल्या आपल्या मुलांना आणावयास जाणाऱ्यांसाठी विमानतळाची दोन्ही टर्मिनल्सही याच मार्गावर आहेत.

एक गोष्ट विसरू नये. मेट्रोत सामानाची तपासणी होते आणि मोठी गाठोडी नेता येत नाहीत. तेव्हा मालासाठी हमाल, हातगाडी आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी यांना पर्याय नाही. मेट्रो माणूस नेते, माल नेत नाही.

ऑगस्ट 2025 पासून नांदेडहून मुंबईपर्यंत वंदे भारतही धावू लागली आहे. परंतु सोय दुहेरी असते. जी वाट आपल्याला मुंबईला नेते, तीच वाट आपल्या गिऱ्हाईकालाही नेते. लग्नाचा बस्ता बांधणारे कुटुंब थेट मुंबई गाठू लागले, तर लोह्याच्या दुकानदाराने टिकायचे कशावर? उत्तर जुनेच आहे: उधारीची सवड, ओळखीचा विश्वास, माल बदलून देण्याची तयारी आणि शिलाई-दुरुस्तीचे हातचे काम. यातले काहीच भुयारी गाडीने जात नाही.

कागदाचा धडा

या स्थानकासाठी काळबादेवी-गिरगावातील जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. 2015 मध्ये तेथील रहिवाशांनी विरोधही केला. त्याच परिसरात पुनर्वसन करण्याचे आश्वासन मेट्रो महामंडळाने दिले. या भागात पिढ्यान् पिढ्या पागडीवर चालणाऱ्या गाळ्यांची वस्ती मोठी. अशा वेळी सरकारी टेबलावर पहिला प्रश्न एकच असतो: दुकान तुमचे, याचा पुरावा काय? ज्याच्याकडे भाडेपावत्या, गुमास्ता परवाना, वीजबिले आणि वारसाचे कागद नीट आहेत, त्याचे बोलणे ऐकले जाते. ज्याचे दुकान अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर, किंवा भावाभावांत तोंडी वाटणीवर, त्याला तीस वर्षांचा धंदा सिद्ध करताना घाम फुटतो.

मेट्रो लोह्याला येणार नाही, हे खरे. पण रस्ता रुंदीकरण, नाला, बसस्थानक, अतिक्रमण मोहीम यांपैकी काहीतरी प्रत्येक गावात कधीतरी येतेच, आणि नोटीस हाती पडल्यावर कागद गोळा करायला वेळ नसतो. रस्त्याकडेला भट्टी लावणारा लोहार, गादी भरणारा पिंजारी, गाड्यावर फळे विकणारा बागवान यांचे तर नावही बहुधा कुठल्या वहीत नसते.

म्हणून आमची विनंती आहे. या महिन्यात एक दिवस दुकान अर्धा वेळ बंद ठेवा. भाडेकरार, पावत्या, परवाना, कराच्या पावत्या एका फाईलमध्ये लावा, दोन झेरॉक्स काढा, एक प्रत घरी ठेवा. वारसनोंद राहिली असेल तर भावंडांनी एकत्र बसून ती करून घ्या. फेरीवाल्यांनी नगरपालिकेत आपली नोंद आहे की नाही, ते पाहावे. अर्ध्या दिवसाच्या गल्ल्यापेक्षा ही फाईल अधिक मोलाची आहे.