एका फोनवर सारा गाव

फोन महाग असला तर गरिबाने काय करावे? बांगलादेशात यावर एक तोड निघाली. ती आपण पाहू.

१९९७ साल. तिथली ग्रामीण बँक गरीब बायांना कर्ज देत असे. त्या कर्जातून गावातली एक बाई मोबाइल फोन घेई. बोलायला सारा गाव तिच्या दारी येई. जेवढे बोलाल, तेवढे पैसे. त्यातून ती कर्जाचे हप्ते फेडी.

शेतकरी शहरातला बाजारभाव विचारून घेई. मग दलाल सांगेल तो भाव मुकाट घ्यावा लागत नसे. परमुलखी गेलेल्या मुलाचा आवाज आईच्या कानी पडे. निरोपासाठी शहर गाठून दिवसाची मजुरी बुडवायला नको!

पुढे फोन स्वस्त झाले, घरोघरी आले. त्या बायांचा धंदा बसत गेला. पण एक गोष्ट आपण ध्यानात ठेवू. एकट्याला जे झेपत नाही, ते दहाजणांत झेपते.