हाताने घडवलेला परिपथ

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची वीज महाराष्ट्रभर जाते. त्या विजेवर चालणाऱ्या दूरदर्शन संचात, डिजिटल मीटरमध्ये, मोबाइलच्या चार्जरमध्ये एक पाटी असते. तिला मुद्रित परिपथ फलक, रूढ भाषेत पीसीबी, म्हणतात. ही पाटी मोठ्या कारखान्यातच होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः साधी पाटी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही, कपड्यांच्या इस्त्रीने, तयार करता येते.

व्हिएन्नाचे अभियंते पॉल आइस्लर हे ज्यू. वाढत्या ज्यूद्वेषामुळे मायदेश सोडून ते १९३६ साली लंडनला गेले आणि तेथे भाड्याच्या खोलीत त्यांनी छापील परिपथाचा रेडिओ तयार केला. साधनांच्या अभावातून लागलेला हा शोध आज जगभर वापरात आहे.

यातील तत्त्व सोपे आहे. पाटीच्या एका बाजूस तांब्याचा अतिशय पातळ थर असतो. जेथून वीज जावी तेथील तांबे झाकायचे आणि उरलेले विरघळवून टाकायचे. झाकण्याचे काम लेसर प्रिंटरची भुकटी, म्हणजे टोनर, करते. टोनर मुख्यतः प्लास्टिकचा असल्यामुळे उष्णतेने वितळून तांब्यास चिकटतो. शाईच्या प्रिंटरने हे साधत नाही.

तांब्याच्या बाजूने दिसणारी आकृती आरशातल्याप्रमाणे उलटी करून गुळगुळीत कागदावर गडद छापावी. पाटी तारेच्या घासणीने चकचकीत करून ॲसिटोनने पुसावी. बोटाचा तेलकट ठसाही टोनरला चिकटू देत नाही. छापील बाजू तांब्यावर ठेवून, वाफ बंद करून, कडक तापलेली इस्त्री तीन ते पाच मिनिटे सर्वत्र सारखी दाबावी. पाटी निवल्यावर पाण्यात भिजवून कागद हलक्या हाताने चोळून काढावा. तुटलेली रेघ पक्क्या शाईच्या मार्करने जोडावी.

नंतर प्लास्टिकच्या तबकात फेरिक क्लोराइडचे द्रावण घेऊन पाटी त्यात हलवत राहावी. उघडे तांबे हळूहळू विरघळते, टोनरखालचे टिकते. पाटी धुऊन ॲसिटोनने टोनर पुसला की तांब्याच्या लखलखीत वाटा दिसू लागतात. सुमारे एक मिलिमीटरची छिद्रे पाडून घटक बसवावेत व सोल्डर करावेत.

हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे व चष्मा घालूनच करावे. ॲसिटोन ज्वालाग्राही आहे. ते तापलेल्या इस्त्रीजवळ नेऊ नये. वापरलेल्या द्रावणात तांबे असते व ते माशांना घातक ठरते. म्हणून ते मोरीत, विहिरीजवळ वा नाल्यात ओतू नये. आपले नाले शेवटी वर्धा-वैनगंगेलाच मिळतात. त्यात धुण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत थोडाथोडा घालावा, गाळ बसू द्यावा आणि तो वाळवून बंद डब्यात वेगळा ठेवावा.

पहिला प्रयोग म्हणून अंधार पडताच लागणारा दिवा करावा. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक प्रकाशसंवेदी रोधक, १०० किलोओहम व ४७० ओहमचे दोन रोधक, एक एलईडी आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढे त्यास पुरते. वसतिगृहाच्या जिन्यावर तो उपयोगी पडेल.

विज्ञान प्रदर्शनासाठी बाजारातून तयार प्रतिकृती आणून मुलांच्या नावाने मांडण्याची प्रथा वाढली आहे. तिला आमचा विरोध आहे, कारण तेथे मूल केवळ मालक होते, कर्ता होत नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. हाताने काम करणाऱ्यास ज्ञान नाही आणि ज्ञानवंतास कामाची लाज, ही तिची फळे होत. एटापल्ली, भामरागड, जिवतीच्या मुलामुलींनी वीजकेंद्रात आणि खाणीत केवळ मजूर म्हणून जाऊ नये, यंत्र उघडून त्यातील वाटा वाचाव्यात, असे आम्हांस वाटते. माजी विद्यार्थ्यांनी शाळेस एक जुना लेसर प्रिंटर आणि वर्षातील दोन रविवार दिले, तरी या कामाचा आरंभ होईल.