बाळाची भूल आणि डोळ्यातला दाब

“एवढ्याशा जिवाला पूर्ण भूल?” कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात, बाळाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं की आई-वडिलांपासून आज्जीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हाच प्रश्न. काळजी खरी आहे. पण गैरसमजांपायी ऑपरेशन लांबतं आणि नजर हातची जाते.

गैरसमज : भुलीने डोळ्यातला दाब वाढतो.
वस्तुस्थिती : मोठ्या माणसाच्या निरोगी डोळ्यात हा दाब १० ते २१ मिलिमीटर पारा असतो, तान्ह्या बाळात त्याहून थोडा कमी. सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू आणि प्रोपोफॉल हे इंजेक्शन दाब उतरवतात. तो चढतो रडण्याने, खोकल्याने, कुंथण्याने. श्वासनळीत नळी घालताना आणि सक्सिनिलकोलीन या औषधानेही तो काही मिनिटं वाढतो. म्हणूनच डोळ्याला जखम असेल तर भूलतज्ज्ञ औषध फार जपून निवडतात.

गैरसमज : नुसता दाब मोजायला भूल कशाला?
वस्तुस्थिती : रडत डोळे घट्ट मिटणाऱ्या बाळाचा दाब असतो त्याहून जास्त दिसतो. भूल चढल्यावर लगेच मोजतात, कारण पुढे तो उतरत जातो. शिवाय त्याच वेळी बुबुळाचा व्यास आणि डोळ्याची नसही नीट तपासता येते.

गैरसमज : टपोरे डोळे म्हणजे बाळ देखणं.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा ते देखणेपणच असतं. पण जन्मजात काचबिंदूत वाढलेल्या दाबाने कोवळा डोळा ताणून मोठा होतो. सतत पाणी गळतं, उजेड सोसत नाही, बुबुळ धुरकट दिसतं. वर्षाच्या आतल्या बाळाचं बुबुळ १२ मिलिमीटरहून मोठं असेल तर शंका घ्यायलाच हवी. “मोठं झाल्यावर बघू” म्हणायची ही वेळ नव्हे. दाबाने गेलेली नस परत येत नाही.

गैरसमज : तासभर भूल दिली की बुद्धी मंदावते.
वस्तुस्थिती : २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, तान्हेपणी तासाभराहून कमी वेळ भूल मिळालेल्या मुलांच्या बुद्धीत पाचव्या वर्षी फरक आढळला नाही. दीर्घ किंवा वारंवार भुलीबद्दल मात्र डॉक्टरांशी सविस्तर बोला.

गैरसमज : भुकेलं राहण्यापेक्षा घोटभर दूध पाजलेलं बरं.
वस्तुस्थिती : भुलीत उलटी झाली तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. सर्वसाधारण नियम असा : आधी ६ तास जेवण आणि वरचं दूध बंद, ४ तास अंगावरचं दूध बंद, २ तास पाणीही बंद. तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ मात्र शेवटची.

आणि बाळाला सर्दी-खोकला असेल तर तारीख चुकेल या भीतीने लपवू नका. भुलीपेक्षा खोकल्याची उबळ ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अधिक घातक असते.