वडूज वाढते आहे. गावपण कोण राखणार?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील एका वयस्कर खालांचा इंतकाल झाला. जोहरच्या नमाजनंतर जनाजा निघाला. वडूजच्या जुन्या वस्तीतून कबरस्तानाकडे जायला आम्ही लहानपणापासून एकच वाट वापरत आलो, ती म्हणजे दोन्ही बाजूंना बाभळी असलेली पाणंद. त्या दिवशी पाणंदीच्या तोंडाशी पुढचे खांदेकरी थांबले. वाटेत सिमेंटचे खांब रोवलेले होते, त्यांना तारा लावलेल्या होत्या आणि आतल्या जमिनीवर फक्कीने आखलेले चौकोन दिसत होते. कोणी काही बोलले नाही. जनाजा मागे फिरवून डांबरी रस्त्याने, ट्रक आणि वडाप जीपच्या गर्दीतून न्यावा लागला. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला.

मातीची मूठ देऊन परत येताना आमच्यातले एकजण म्हणाले, "गाव मोठे झाले की असेच होणार." ही गोष्ट आम्हाला पटली नाही. म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

ग्रामपंचायत गेली, त्याबरोबर काय गेले?

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. येरळा नदीच्या काठचे, पर्जन्यछायेतले गाव. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच गावातील कचेरीवर आसपासच्या खेड्यांतून निघालेला मोर्चा आला होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण हुतात्मा झाले. त्या दिवसाची आठवण वडूजमध्ये आजही दरवर्षी होते. कचेरी, कोर्ट, बाजार आणि एस. टी. स्टँड यांमुळे वडूजला पहिल्यापासून वर्दळ होती. पण संध्याकाळी गुरे घरी यायची, ज्वारीची कणसे खळ्यावर पडायची आणि बाजारात मणेर, आतार, तांबोळी, बागवान यांच्या पालांशेजारी माळव्याचे ढीग असायचे. बाजाराचे हे गाव शेतीच्या कुशीतच वसलेले होते.

२०१४ मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचे ठरवले. त्या धोरणात वडूजही नगरपंचायत झाले आणि १७ प्रभाग पडले. रस्ते, दिवे, गटारी यांसाठी निधी येऊ लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्हालाही पावसाळ्यात चिखल नको आहे. पण एक गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली. ग्रामसभेत गावातला कोणीही मतदार उठून विचारू शकत होता, की गायरानात हे बांधकाम कोणाचे, पाणंद कोणी अडवली, झाड कोणाच्या परवानगीने तोडले. नगरपंचायतीत सभा असते ती नगरसेवकांची. आपण तिथे अर्ज घेऊन जाणारे झालो. रोजगार हमीची ग्रामीण योजनाही नागरी हद्दीत लागू राहत नाही, त्याचा चटका मजुरी करणाऱ्या घरांना बसला.

याच खटाव तालुक्यात औंध आहे. तिथल्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. त्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता आणि त्या घटनेचा पाया होता गावपंचायत. ज्या मातीत राजाने होऊन गावाला कारभार दिला, त्या मातीतली माणसे आज आपल्या वाटेचे काय झाले हे विचारायलाही कचरतात, याचे वाईट वाटते.

पाणी आले, भाव आला

खटाव-माणचा दुष्काळ आमच्या पिढीने अंगावर काढला. टँकरमागे घागरी घेऊन पळालेल्या आमच्या अम्मींना ते दिवस आजही स्वप्नात दिसतात, असे त्या म्हणत असत. आता उरमोडीचे पाणी या भागात फिरले आहे. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी उपसून नेर तलावात आणि येरळेच्या खोऱ्यात सोडले जाते. ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हते, तिथे ऊस, आले आणि बटाटा दिसू लागला. २०१७ च्या पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत तालुक्यातील भोसरे गावाने श्रमदान करून राज्यात वरचा क्रमांक मिळवला, तेव्हा आम्हीही दोन दिवस घमेली उचलली होती.

पाणी आले तसा जमिनीला भावही आला. पुण्या-मुंबईत कमावणाऱ्याला गावाकडे प्लॉट हवा असतो, तर खेड्यातल्या माणसाला मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला घर हवे असते. दोघांचीही गरज खरी आहे. पण प्रत्येक प्लॉटवर बोअर पडते, सांडपाणी ओढ्याला जाते आणि ओढा येरळेला मिळतो. खालच्या अंगाला येरळवाडीचा तलाव आहे. त्या तलावावर आणि मायणीच्या तलावावर हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात. २०२१ मध्ये सरकारने हा परिसर पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला. एका बाजूला पाखरांसाठी पाणी राखायचे आणि वरून त्यात गटार सोडायचे, हे किती दिवस चालणार?

आमच्या घरातला प्रश्न

दुसऱ्यांना उपदेश करणे सोपे असते. म्हणून आमच्याच घरातली गोष्ट सांगतो.

आमचे अब्बा गेले तेव्हा त्यांच्या नावावर ३६ गुंठे जमीन होती, सगळी नगरपंचायतीच्या हद्दीत. एक बाजू डांबरी रस्त्याला आणि दुसरी पाणंदीला लागून. मध्ये विहीर, विहिरीवर चिंच. अम्मी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. वारस आम्ही चार: दोन भाऊ, दोन बहिणी. हिशोब सरळ होता. भावांना १२-१२ गुंठे, बहिणींना ६-६. पण तीन वर्षे तो कागदावरही आला नाही. आम्ही म्हणत राहिलो, "अब्बांची जमीन तोडायची नाही." त्या बोलण्यात गावावरचे प्रेम होते, पण आमची सोयही होती. ज्वारी आम्ही खात होतो आणि बहिणींकडे वर्षाला एक पोते जात होते.

एक दलाल आला. त्याने सांगितले, "भाईजान, तुमचं क्षेत्र ४० गुंठ्यांच्या आत आहे. त्याच्या वर असतं तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागली असती. तुम्हाला ती अट नाही. एकन् एक फूट विकला जाईल." नियमाप्रमाणे तो बरोबर बोलत होता. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटला मोकळ्या जागेची अट आहे. पण आमच्यासारखे दहा तुकडे शेजारीशेजारी विकले गेले, की सगळ्या पट्ट्यात मुलांना चेंडू खेळायला हातभरही जागा उरत नाही. कोणी कायदा मोडत नाही आणि तरीही गाव गुदमरते.

रमजानमध्ये मोठी आपा घरी आल्या. इफ्तारनंतर त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्ही गाव वाचवताय, चांगलं आहे. पण माझ्या हिश्श्यातून वाचवताय, हे तुम्हाला दिसतंय का?" आम्हा दोघा भावांना उत्तर देता आले नाही. वीतभर जमीनही नाहक दाबणाऱ्याबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी किती कडक इशारा दिला आहे, हे आपण जुम्माच्या बयानात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. बहिणींचा हक्क मारून राखलेली हिरवळ हिरवी नसते.

शेवटी आम्ही असे ठरवले. रस्त्याकडचे १२ गुंठे विकायचे आणि आलेला सगळा पैसा दोघी बहिणींना द्यायचा. रस्त्याकडचा भाव मागच्या जमिनीपेक्षा जास्त, म्हणजे बहिणींना हिश्श्याहून थोडे अधिकच गेले. धाकटा भाऊ यावर दोन दिवस रुसला. पण तीन वर्षांचे पीकही आम्हीच खाल्ले होते, हे आठवल्यावर तोच म्हणाला, "आपांचं जास्त झालं नाही, आपलं कमी झालं असेल तर होऊ दे." उरलेले २४ गुंठे, विहीर आणि चिंच राखली. विकलेल्या भागातही, अट नसताना, दीड गुंठा जागा मोकळी सोडायला लावली आणि तसे नकाशावर दाखवून घेतले. खरेदीदाराने थोडा भाव पाडला. तो आम्ही आमच्या खिशातून भरून बहिणींना दिला.

जमीन मुळीच विकू नये, असे आमचे म्हणणे नाही. विकताना कोणाचा हक्क देण्यासाठी विकतो आणि मागे काय सोडतो, एवढे मात्र बघावे.

पाणंद कशी उघडली

आता त्या पाणंदीकडे येऊ. अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत बहुतेकांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत. आम्ही अर्ज लिहून तयार ठेवला. तो देण्याआधी शेजारच्या तात्यांकडे गेलो. त्यांची बैलगाडी याच पाणंदीने मळ्यात जायची. तात्या म्हणाले, "तुमची मयत आन् माझी बैलं, दोन्ही ह्याच वाटंनं जात्यात. अर्जावर माझा बी अंगठा घ्या. पर आधी त्या प्लॉटवाल्याला भेटू."

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातले चार आणि मळ्यातले पाचजण असे मिळून गेलो. प्लॉटमालक परगावचा, तरुण. त्याने जुना नकाशा कधी पाहिलाच नव्हता. नकाशा समोर ठेवला तेव्हा तो थोडा वेळ वाद घालत राहिला, मग खांब मागे घ्यायला कबूल झाला. पूर्वीइतकी रुंद नाही, पण बैलगाडी आणि जनाजा जाईल एवढी वाट मोकळी झाली. बाभळी मात्र गेल्या त्या गेल्या. रस्त्यातला काटा बाजूला करणे हाही सदका आहे, हे आम्ही मदरशात शिकलो होतो. त्या दिवशी तात्यांनी तो आमच्याबरोबर उचलला.

हे सांगताना आणखी एक गोष्ट मनात येते. आमच्याच तालुक्यात, पुसेसावळीत, १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री मस्जिदीवर जमावाने हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही मुलांना संध्याकाळी बाहेर सोडत नव्हतो. गावपण म्हणजे नुसती झाडे आणि कौलारू घरे नव्हेत, हे त्या दिवसांत कळले. शेजारच्या कडेगावात मोहरमचे गगनचुंबी ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. ज्या गावात लोक एका वाटेने जातात, एका विहिरीवर भेटतात, तिथे अफवेला उत्तर देणारा कोणीतरी ओळखीचा असतो. कुंपणाआडच्या प्लॉटमध्ये राहणाऱ्याला शेजाऱ्याचे नावही माहीत नसते. म्हणून पाणंद, पार, बाजार, ईदगाहचे मैदान या जागा मोकळ्या राखणे हे आपल्या सुरक्षिततेचेही काम आहे.

घराघरांतून काय करता येईल

नगरपंचायतीचा विकास आराखडा कायद्याने प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत आपल्या मोहल्ल्यातून किमान एक अर्ज गेलाच पाहिजे. कबरस्तान, ईदगाह, पाणंदी, ओढे आणि जुन्या विहिरी आराखड्यात त्या त्या नावाने दाखवल्या आहेत का, हे पाहावे. हरकत दिली की सुनावणीला जावे. एकटे न जाता शेजारच्या आळीलाही बरोबर घ्यावे.

नागरी हद्दीत झाड तोडायला परवानगी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला २०२१ पासून 'वारसा वृक्ष' म्हणून जादा संरक्षण आहे. आपल्या भागातील अशा झाडांची यादी मुलांकडून करून घ्यावी, सुट्टीतला तो चांगला उद्योग होईल.

प्लॉट घ्यायचा असेल तर स्वस्त गुंठ्याच्या मोहात पडण्याआधी सातबारा, बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर ले-आउट पाहावा. नकाशावर रस्ता नसेल तर उद्या तुमचे घर कोणाच्या तरी पाणंदीवर उभे राहील. आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर विकण्याआधी बहिणीला फोन करावा.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाणंदीच्या कडेने कडुलिंबाची अकरा रोपे लावली. सात जगली. तात्यांचा नातू आणि आमची पोरे आळीपाळीने पाणी घालतात. सावली धरायला त्यांना अजून बरीच वर्षे लागतील. तोवर आमच्यातले काहीजण त्याच वाटेने खांद्यावरून गेलेले असतील. पण वाट मोकळी असेल, एवढी व्यवस्था करून जाणे आपल्या हातात आहे.