शोधयंत्रांची घसरती गुणवत्ता

महाजालावरील अगणित पानांतून उपयुक्त पाने निवडून त्यांचा क्रम लावणाऱ्या संगणकीय प्रणालीला शोधयंत्र म्हणतात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत, एखाद्या पानाकडे इतर किती आणि किती महत्त्वाच्या पानांवरून दुवे येतात, यावरून त्याचे वजन ठरत असे. परंतु हा निकष माहीत होताच केवळ दुवे वाढवणाऱ्या संकेतस्थळांची जाळी उभी राहिली आणि त्यांना आवर घालण्यासाठी गूगलला २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ ही सुधारणा आणावी लागली.

तरीही शोधयंत्रे आणि अशी संकेतस्थळे यांच्यातील ही स्पर्धा संपलेली नाही. जर्मनीतील लाइपझिग व वायमार येथील संशोधकांनी वस्तूंच्या परीक्षणांविषयीच्या ७,३९२ शोधप्रश्नांचे निकाल वर्षभर तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा वरच्या क्रमांकाच्या पानांत संलग्न विपणन, म्हणजे दुव्यावरून झालेल्या विक्रीवर दलाली मिळवण्याची पद्धत, सरासरीने अधिक आणि मजकुराचा दर्जा कमी आढळला.

जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशारा पेज व ब्रिन यांनीच १९९८ मध्ये दिला होता. म्हणूनच ज्ञानाचे हे प्रवेशद्वार केवळ बाजाराच्या हाती न सोडता सार्वजनिक निधीवर चालणारे पर्याय उभारणे अत्यावश्यक आहे.