क्रोमियम टाकीतच अडवा

आळंदीच्या बंधाऱ्याखाली इंद्रायणीवर तरंगणारे पांढऱ्या फेसाचे थर गेल्या काही वर्षांत आपण वारंवार पाहिले. पालखी प्रस्थान किंवा कार्तिकी जवळ आली की छायाचित्रे छापून येतात. वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत इंद्रायणी होती आणि पिंपरी-चिंचवडच्या मधून वाहणारी पवनाही होती. २०२२च्या यादीत असे सर्वाधिक, ५५ पट्टे महाराष्ट्रातच निघाले.

या फेसाचे खापर बऱ्याचदा फॉस्फेटवर फोडले जाते. फॉस्फेट जलपर्णीला पोसते आणि तो त्रास वेगळा. फेस येतो तो प्रामुख्याने कपडे धुण्याच्या पावडरीतील एलएएस या रसायनामुळे. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहते, दुसरे पाणी टाळते. त्यामुळे हे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात, पृष्ठताण उतरतो आणि बंधाऱ्यावरून पडताना पाण्यात शिरलेल्या हवेचे बुडबुडे टिकून राहतात.

१९५०च्या दशकात जर्मनीच्या नद्यांवरही असेच फेसाचे डोंगर साचत. तेव्हाच्या डिटर्जंटची कार्बनसाखळी फांद्या फुटलेली होती, जिवाणूंना ती पचत नसे. १९६१ साली तिथे कायदा झाला, १९६४पासून तो लागू झाला आणि उद्योगाने सरळ साखळीचे एलएएस स्वीकारले. हे एलएएस जिवाणू खातात, मात्र त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. नीट चालणाऱ्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात ते जवळजवळ सगळे संपते. म्हणून आज नदीवर साबणाचा दाट फेस दिसतो तेव्हा शुद्धीकरण न झालेले पाणी थेट आत आले आहे, असाच त्याचा अर्थ घ्यायला हवा.

फेस निदान डोळ्यांना दिसतो. पिंपरी, भोसरी, चाकणच्या वाहन उद्योगातली मला सर्वांत जास्त काळजीची वाटणारी गोष्ट नदीच्या पाण्यात दिसत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्यावर चकचकीत, कठीण थर (हार्ड क्रोम) असतो तो क्रोमियमचा. तो चढवतात क्रोमिक आम्लाच्या टाकीत आणि त्या आम्लातले क्रोमियम षट्संयुजी असते. नटबोल्ट जस्ताने मढवल्यावर त्यांना पिवळसर झाक देणारा लेपही वर्षानुवर्षे याच षट्संयुजी क्रोमियमचा होता. हे रसायन कर्करोगकारक आहे आणि त्याचा पहिला फटका बसतो टाकीशेजारी उभ्या कामगाराला. क्रोमिक आम्लाच्या तुषारांनी नाकाच्या पडद्याला भोक पडणे हा प्लेटिंग कामगारांचा जुना व्यवसायजन्य आजार आहे.

हार्ड क्रोमच्या टाकीत लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते, म्हणजे १३० ग्रॅम क्रोमियम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. भागाकार केला तर या टाकीतले एक लिटर द्रावण २६ लाख लिटर स्वच्छ पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. दांडा टाकीतून उचलला की त्याला चिकटलेले द्रावण धुण्याच्या पाण्यात उतरते. सांडपाणी तयार होते ते इथे.

ते काबूत आणण्याचे रसायनशास्त्र जुने आणि स्वस्त आहे. धुण्याचे पिवळे पाणी आम्ल घालून सामू २ ते ३वर आणायचे, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचे. पाणी हिरवट झाले की षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी, बरेच कमी विषारी रूप झाले. मग चुन्याने सामू ८-९पर्यंत चढवला की क्रोमियम गाळ होऊन तळाशी बसते. हा गाळ दाबून, वाळवून रांजणगावसारख्या घातक कचरा प्रकल्पात द्यायचा. क्रोमियम हे मूलद्रव्य आहे. ते जाळून किंवा कुजवून नाहीसे होत नाही, फक्त त्याचे रूप आणि जागा बदलता येते. म्हणून ते टाकीपाशी, घट्ट असतानाच पकडावे लागते. गटारात गेले तर ते शहराच्या शुद्धीकरण केंद्रातल्या जिवाणूंना मारते, उरलेले तिथल्या गाळात मुरते आणि खत होऊ शकला असता तो गाळही घातक ठरतो.

ओळखण्याची चाचणीही अवघड नाही. आम्लयुक्त नमुन्यात डायफिनाइलकार्बाझाइड घातले की षट्संयुजी क्रोमियम जांभळा रंग देते आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मोजता येते. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७मध्ये कागदाच्या तुकड्यावर सूक्ष्म वाहिन्या आखून चाचण्या करण्याची वाट दाखवली. तेव्हापासून हीच जांभळी चाचणी कागदी पट्टीवर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले आहेत.

सेंद्रिय प्रदूषकांसाठी पुण्यातच वेगळे काम झाले. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे आणि विनय भांडारी यांनी ‘व्होर्टेक्स डायोड’ विकसित केला. सांडपाणी त्यात भोवऱ्यासारखे फिरते, मध्यभागी दाब कोसळतो, सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात. फुटण्याच्या क्षणी त्या टिचभर जागेत तापमान हजारो अंशांवर जाते, पाण्याचेच रेणू फुटतात आणि त्यातून निघालेले हायड्रॉक्सिल मूलक रंग, द्रावके तोडून टाकतात. धातूंवर हा उपाय चालत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सर्वांत चिवट आहे पीफास हे फ्लोरिनयुक्त रसायनांचे कुटुंब. क्रोमच्या टाकीतले तुषार दाबायला जगभर त्यातलेच पीएफओएस वापरले जाई. २००९ साली स्टॉकहोम करारात त्यावर निर्बंध आले. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विल्यम डिक्टेल यांच्या गटाने २०२२मध्ये साध्या कॉस्टिक सोड्याने आणि डीएमएसओ या द्रावकाने काही पीफास ८० ते १२० अंशांना मोडून दाखवले. पीएफओएसच्या रेणूचे डोके मात्र वेगळे आहे आणि ते या युक्तीला दाद देत नाही. मिशिगनमध्ये तर तळ्यांवरच्या फेसाला हात लावू नका, असे सरकारच सांगते, कारण पीफास पाण्यापेक्षा फेसात कितीतरी जास्त साचते. आपल्या नद्यांच्या नमुन्यांतही पीफासची तपासणी नियमित व्हायला हवी.

उपाय माहीत असूनही अडते ते छोट्या गाळ्यांत. चार टाक्यांच्या प्लेटिंगवाल्याला नगामागे काही पैसे सुटतात, त्याला स्वतंत्र ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा चालवणे जड जाते. २०१४मध्ये केंद्रीय मंडळाने १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणीची सक्ती केली. प्लेटिंग त्या १७मध्ये नव्हते.

तरीही बदल घडू शकतो, हे याच औद्योगिक पट्ट्याने पाहिले आहे. युरोपीय संघाने गाड्यांच्या गंजरोधक लेपांतले षट्संयुजी क्रोमियम १ जुलै २००७पासून बंद केले. निर्यातदार कंपन्यांनी पुरवठादारांना अट घातली आणि अनेक टाक्यांत त्रिसंयुजी द्रावण आले. ही अट गाडीवर उरणाऱ्या क्रोमियमपुरती होती, गटारात जाणाऱ्या क्रोमियमबद्दल तिने काही म्हटले नाही. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार गाळाच्या प्रत्येक खेपेबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे पाठवल्याची नोंद लागते. चाकणच्या मोठ्या कंपन्यांनी सुटे भाग घेताना दराबरोबर हा कागदही मागावा, आणि छोट्या गाळ्यांच्या सांडपाण्यावरील सामायिक प्रक्रियेचा खर्च त्या दरात धरावा.