गेम ओपन सोर्स, मग प्रश्नोत्तरं कुठे? फोरम सॉफ्टवेअर निवडताना काय बघायचं

माइनक्राफ्टसारखं ठोकळ्यांचं जग, पण फुकट आणि ओपन सोर्स, असं लुआंटी तुमच्यापैकी काहींच्या फोनमध्ये नक्की असेल. ऑक्टोबर 2024 पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. समजा त्यात एक मॉड टाकला, जग उघडलं आणि स्क्रीनवर लांबलचक एरर आला. तुम्ही काय करता? एररची ओळ कॉपी करून गूगलमध्ये टाकता. कुणीतरी पाच-सात वर्षांपूर्वी तोच प्रश्न विचारलेला असतो आणि खाली मॉड बनवणाऱ्यानेच उत्तर दिलेलं असतं. हे सापडतं, कारण ते फोरमवर लिहिलेलं असतं.

हाच प्रश्न डिस्कॉर्डवर विचारला गेला असता तर? डिस्कॉर्डचे मेसेज गूगलला दिसत नाहीत. आधी सर्व्हर जॉइन करा, मग आतल्या सर्चमध्ये चाळत बसा. 2022 मध्ये त्यांनी फोरम चॅनल आणले, पण तेही लॉगिनच्या आतच. शिवाय काही मॉडवाले फाइल डिस्कॉर्डवर टाकून तिची लिंक बाहेर द्यायचे. 2023 च्या अखेरीस डिस्कॉर्डने जाहीर केलं की अशा बाहेर दिलेल्या लिंक साधारण 24 तासांनी बंद पडतील.

डिस्कॉर्ड वाईट आहे असं अजिबात नाही. आज रात्री कोण खेळणार हे ठरवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण गप्पा वेगळ्या आणि साठवून ठेवायची उत्तरं वेगळी. त्या उत्तरांसाठी स्वतःची जागा हवी, आणि मग प्रश्न येतो की सॉफ्टवेअर कोणतं.

इथे बहुतेक ग्रुप चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. डार्क मोड आहे का, इमोजी रिअॅक्शन आहेत का, बॅज मिळतात का! माझ्या मते पहिला प्रश्न उलटा हवा: पाच वर्षांनी हे सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं, तर सगळं सामान घेऊन बाहेर पडता येईल का?

बाहेर पडायचा दरवाजा

बॅटल फॉर वेसनॉथ हा 2003 पासूनचा ओपन सोर्स गेम. त्याचा फोरम पीएचपीबीबीवर चालतो. गंमत म्हणजे गेमचा अधिकृत मल्टिप्लेअर सर्व्हरही फोरमचंच खातं वापरतो. नोंदणी केलेल्या नावाने खेळायला गेलात की तो फोरमचाच पासवर्ड मागतो. आता उद्या कुणी म्हणालं, "फोरम जुनाट दिसतो, बदलूया", तर काम फक्त रंगरंगोटीचं राहत नाही. गेमच्या लॉगिनलाही हात घालावा लागतो.

लुआंटीतही असे धागे आहेत. त्याच्या मॉडच्या भांडारात, म्हणजे कंटेंटडीबीमध्ये, मॉडच्या नोंदीसोबत फोरमवरच्या चर्चेचा क्रमांक देता येतो. फोरम बदलताना जुने क्रमांक नव्या पत्त्यांशी जुळवले नाहीत, तर त्या सगळ्या लिंक मरतात.

पासवर्डचंही तसंच. ते मूळ रूपात साठवलेले नसतात, त्यांचं हॅश केलेलं रूप असतं आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची पद्धत वेगळी असू शकते. स्थलांतराची नीट सोय केली नाही तर सगळ्यांना नवा पासवर्ड घ्यावा लागतो. ज्यांचा जुना ईमेलच बंद झालाय ते बाहेर राहतात, आणि बऱ्याचदा हेच सगळ्यात जुने, जाणकार लोक असतात.

म्हणून विचारायचं: पूर्ण डेटाबेसचा बॅकअप आपल्या हातात मिळतो का? दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आत यायची सोय आहे का? डिस्कोर्स या बाबतीत चांगलं आहे. पीएचपीबीबी, व्हीबुलेटिन वगैरेंमधून मजकूर आणायच्या स्क्रिप्ट त्याच्या कोडमध्येच मिळतात आणि जुने पत्ते नव्याकडे वळवताही येतात. आणि हो, डिस्कॉर्ड आणि डिस्कोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावं ठेवणाऱ्यांनी आपला विचार केलेला नाही.

अपडेट कोण करणार?

जुलै 2016 मध्ये डोटा 2 च्या डेव्हलपर फोरममधून जवळपास 20 लाख खात्यांची माहिती चोरीला गेली. फोरम व्हीबुलेटिनवर होता आणि पासवर्ड एमडी5 या जुन्या, आज सहज फोडता येणाऱ्या पद्धतीने साठवलेले होते. त्याच महिन्यात उबुंटूच्या फोरममधूनही सुमारे 20 लाख लोकांची युजरनेम, ईमेल आणि आयपी पत्ते गेले. तिथे कारण होतं फोरमरनर नावाचं एक अॅड-ऑन. त्यातली त्रुटी आधीच माहीत होती, पण पॅच लावलेला नव्हता. पासवर्ड मात्र वाचले, कारण लॉगिन वेगळ्या व्यवस्थेतून होत होतं.

तुमचा फोरम तीन कॉलेजकुमार चालवणार असतील आणि तिघांच्याही परीक्षा एकाच महिन्यात असतील, तर त्या महिन्यात अपडेट कोण टाकणार, हे निवडीआधीच ठरायला हवं. उत्तर "बघू" असेल, तर पैसे देऊन दुसऱ्याने सांभाळलेलं होस्टिंग घ्या.

पर्यायांचं थोडक्यात सांगतो. पीएचपीबीबी 2000 सालचं आहे, स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर चालतं, 2014 च्या 3.1 आवृत्तीपासून फोनवरही नीट दिसतं, फक्त चेहरा जुना आहे. फ्लेरमलाही पीएचपी आणि मायएसक्यूएल पुरतं आणि ते दिसतं छान, पण बरीचशी कामं इतरांनी लिहिलेल्या एक्स्टेन्शनवर अवलंबून राहतात. डिस्कोर्स 2013 चं, गोडो गेम इंजिनचा फोरम त्यावर आहे. त्याला स्वतःचा सर्व्हर, किमान 1 जीबी रॅम, डॉकर आणि ईमेल पाठवायची वेगळी सोय लागते. बदल्यात स्पॅमवर छान लगाम मिळतो: मूळ सेटिंगनुसार नवीन माणसाला किमान 5 विषय उघडून, 30 पोस्ट आणि एकूण 10 मिनिटं वाचल्याशिवाय पुढची पायरी मिळत नाही.

पण डिस्कोर्स ब्राउझरवर भरपूर जावास्क्रिप्ट टाकतं. त्याचे एक निर्माते जेफ अॅटवुड यांनी 2015 मध्ये स्वतःच लिहिलं होतं की अँड्रॉइड फोन अशा कामात आयफोनच्या बरेच मागे आहेत. फोन सुधारलेत, तरी ग्रुपमधल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, वायफाय बंद करून, एक लांब चर्चा उघडून बघाच.

सॉफ्टवेअरही ओपन सोर्सच हवं का? ज्यात मौर्यांकडून खेळता येतं तो 0 ए.डी. गेम ओपन सोर्स आहे, त्याचा फोरम मात्र इन्व्हिजन या पैसे देऊन घ्यायच्या, बंद कोडच्या सॉफ्टवेअरवर आहे. त्यांचं चाललंय. मी नव्याने सुरू करताना ते घेणार नाही, कारण त्याचा परवाना, किंमत आणि अटी दुसऱ्याच्या हातात असतात.

मराठी ग्रुप असेल तर आणखी एक तपासणी. डिस्कोर्समध्ये देवनागरी युजरनेम सुरुवातीला बंद असतात आणि देवनागरी शीर्षकं पत्त्यात दिसण्यासाठी वेगळी सेटिंग बदलावी लागते. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, "किल्ल्याचा मॉड" लिहून पोस्ट टाका आणि नुसतं "किल्ला" शोधून बघा.

शेवटी दोन पर्याय उरले की दहा जणांना घेऊन दोन आठवडे दोन्ही चालवा. मग बॅकअप घ्या, दुसऱ्या कोऱ्या सर्व्हरवर तो परत चढवा आणि जुन्या खात्याने लॉगिन करा. ज्याच्यात हे एका संध्याकाळी जमलं, ते घ्या. डार्क मोड नंतरही टाकता येतो.